बावन्न की अठ्ठेचाळीस?

गणपतीचे दिवस आले की आमच्या घरी रात्रीची आरती आणि मंत्रपुष्पांजली आटोपल्यावर माजघरात सतरंजी पडे. जागरणाला पत्ते हवेतच. सुरुवात झब्बू आणि बदाम सातने होई. मुले पेंगू लागली की मोठी माणसे मेंढीकोटावर येत आणि मध्यरात्र उलटली की तीन पत्तीवर. पैसे लावायला आजोबांची सक्त मनाई होती. म्हणून स्वयंपाकघरातला चिंचोक्यांचा डबा येई, प्रत्येकाला पन्नास चिंचोके मोजून मिळत आणि पहाटे सगळे पुन्हा डब्यात जात. जिंकणाऱ्याच्या वाट्याला येई ती फक्त फुशारकी. पण तिच्यासाठी होणारी भांडणे मात्र खरीखुरी असत.

मी बारावीत होतो त्या वर्षीची गोष्ट. एका डावात बाकी सगळ्यांनी पाने टाकून दिली आणि आत्या व धाकटे काका असे दोघेच उरले. दोघेही मागे हटेनात. मध्ये चिंचोक्यांचा ढीग वाढत चालला. अखेर काकांनी 'शो' मागितला आणि बदामची पंजी, छक्की, सत्ती सतरंजीवर आपटली. प्युअर सीक्वेन्स! आत्याने काही न बोलता आपली पाने एकेक करून मांडली. तीन दुर्र्या. ट्रेल. ढीग आत्याकडे गेला.

त्याच महिन्यात आमच्या वर्गात 'अमुक वस्तूंतून तमुक वस्तू किती प्रकारे निवडता येतील' हे प्रकरण चालू होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे हिशेब मांडला आणि चकित झालो. बावन्न पत्त्यांतून ट्रेल ५२ प्रकारे होते आणि प्युअर सीक्वेन्स ४८ प्रकारे. म्हणजे काकांची पाने आत्याच्या पानांहून दुर्मीळ होती! मी धावत जाऊन म्हणालो, "काका, काल खरं तर तुम्हीच जिंकायला हवं होतं."

काकांनी कागद चष्म्याजवळ धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "अरे, तीस वर्षं खेळतोय मी. तुझं खरं असतं तर इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नसतं का?"

मला उत्तर सुचले नाही. ते सापडायला पुढे काही वर्षे जावी लागली. पण आधी तो कॅलेंडरमागचा हिशेब आपण पुन्हा करू, कारण तो प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करण्यासारखा आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला तीन पाने मिळतात. तीन पानांच्या अशा संचाला आपण त्रिकूट म्हणू. त्रिकुटांची उतरंड ठरलेली असते. सर्वांत वर ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पाने (तीन राजे, तीन दुर्र्या). त्याखाली प्युअर सीक्वेन्स : ओळीने लागणाऱ्या किमतींची आणि एकाच रंगाची तीन पाने. मग साधी सीक्वेन्स, म्हणजे पाने ओळीने पण रंग वेगवेगळे. मग कलर : रंग एक पण पाने ओळीने नाहीत. त्याखाली पेअर, म्हणजे दोन पाने सारख्या किमतीची. आणि यांतले काहीच नसेल तर सर्वांत मोठे पान कोणाचे ते पाहायचे. येथे रंग याचा अर्थ लाल-काळा असा घ्यायचा नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार रंग, आणि प्रत्येक रंगात एक्क्यापासून राजापर्यंत तेरा किमती.

मुळात किती वेगवेगळी त्रिकुटे होऊ शकतात? पहिले पान ५२ पैकी कोणतेही. ते घेतल्यावर दुसऱ्यासाठी ५१ उरतात आणि तिसऱ्यासाठी ५०. गुणाकार ५२ × ५१ × ५० = १,३२,६००. पण या संख्येत प्रत्येक त्रिकूट अनेकदा मोजले गेले आहे. इस्पिकचा एक्का, बदामचा राजा आणि किलवरची सत्ती ही पाने कोणत्याही क्रमाने आली तरी हातातले त्रिकूट तेच. तीन वस्तू ३ × २ × १ = ६ क्रमांनी लावता येतात. म्हणून १,३२,६०० ला ६ ने भागायचे. उत्तर २२,१००. पत्ते नीट पिसले असतील तर या २२,१०० पैकी कोणतेही त्रिकूट तुमच्या हाती येण्याची शक्यता सारखीच. सगळा हिशेब या समान शक्यतेवर उभा आहे. पिसण्यात कुचराई केली तर तो कोसळतो.

ही गुणून भागण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांच्या मिश्रणांतून किती प्रकारची चव साधता येईल असे उदाहरण आहे. तीन-तीन रस घेतले तर ६ × ५ × ४ ला १ × २ × ३ ने भागायचे, उत्तर २०. आपण रसांऐवजी पत्ते घेतले, एवढेच.

आता एकेक प्रकार मोजू. ट्रेलसाठी आधी किंमत ठरवा : १३ प्रकार. त्या किमतीच्या चार पानांपैकी तीन घ्यायची, म्हणजे एक पान वगळायचे. ते ४ प्रकारे वगळता येईल. १३ × ४ = ५२.

प्युअर सीक्वेन्समध्ये आधी ओळी मोजू. एक्का-दुर्री-तिर्री ही पहिली, दुर्री-तिर्री-चौकी ही दुसरी, असे करत राणी-राजा-एक्का ही शेवटची. एक्का दोन्ही टोकांना चालतो, पण राजा-एक्का-दुर्री अशी वळसा घालणारी ओळ धरत नाहीत. अशा १२ ओळी होतात. प्रत्येक ओळ चार रंगांपैकी कोणत्याही एकात असू शकते, म्हणून १२ × ४ = ४८.

साध्या सीक्वेन्समध्ये ओळी त्याच १२, पण प्रत्येक पानाला रंगाची मोकळीक. पहिल्याला ४, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ४ : एकूण ६४. म्हणून १२ × ६४ = ७६८. पण या ७६८ मध्ये तिन्ही पाने एकाच रंगाची असलेली ती ४८ त्रिकुटेही येऊन बसली आहेत. ती वजा केली की उरतात ७२०. कलरमध्येही तसेच. एका रंगाच्या तेरा पानांतून तीन निवडण्याचे प्रकार १३ × १२ × ११ ÷ ६ = २८६, चार रंगांचे मिळून १,१४४, आणि त्यांतून ४८ प्युअर सीक्वेन्स वजा करून १,०९६. उत्तरपत्रिका तपासताना मला सर्वांत जास्त चुका आढळतात त्या हे ४८ वजा करण्याच्या पायरीवर. एका वेळी वजा करतात आणि दुसऱ्या वेळी विसरतात.

पेअरमध्ये चूक निराळीच होते. बरेच विद्यार्थी असे मांडतात : पहिले पान ५२ पैकी कोणतेही, दुसरे त्याच किमतीच्या उरलेल्या ३ पैकी, तिसरे वेगळ्या किमतीच्या ४८ पैकी, गुणाकार ७,४८८. हे उत्तर बरोबर दुप्पट आहे. इस्पिकची नव्वी आधी आणि बदामची नंतर, तसेच बदामची आधी आणि इस्पिकची नंतर, अशी एकच जोडी येथे दोनदा धरली गेली. सरळ मार्ग असा : जोडीची किंमत १३ प्रकारे, त्या किमतीच्या चार पानांतून दोन ६ प्रकारे, तिसरे पान ४८ प्रकारे. १३ × ६ × ४८ = ३,७४४.

राहिली ती यांपैकी काहीच नसलेली त्रिकुटे. येथे 'एकूणातून बाकीची वजा करू' असा मोह होतो. तो टाळा. ती स्वतंत्रपणे मोजा, म्हणजे शेवटी बेरजेने सगळ्या हिशेबाची परीक्षा घेता येते. तीन वेगवेगळ्या किमती २८६ प्रकारे निवडता येतात. त्यांतल्या १२ ओळीच्या, त्या सोडून २७४. रंगांच्या ६४ मांडण्यांपैकी ४ एकरंगी, त्या सोडून ६०. २७४ × ६० = १६,४४०.

आता बेरीज करा : ५२ + ४८ + ७२० + १,०९६ + ३,७४४ + १६,४४० = २२,१००. जुळली! प्रत्येक संख्येला २२,१०० ने भागले की संभाव्यता मिळते. शंभर त्रिकुटांमागे सुमारे ७४ वेळा हातात काहीच नसते, १७ वेळा पेअर येते, ५ वेळा कलर आणि ३ वेळा सीक्वेन्स. ट्रेल आणि प्युअर सीक्वेन्स मिळून बरोबर १०० त्रिकुटे होतात, म्हणजे २२१ मध्ये एकदा.

खालून वर पाहत गेलो तर उतरंड किती चोख आहे! पेअरपेक्षा कलर दुर्मीळ, कलरपेक्षा सीक्वेन्स, सीक्वेन्सपेक्षा प्युअर सीक्वेन्स. जे दुर्मीळ ते वरचढ हाच न्याय. आणि अगदी वरच्या पायरीवर मात्र न्याय चुकतो. ४८ वाली ५२ वालीच्या खाली. इंग्लंडातील 'ब्रॅग' हा तीन पत्तीसारखाच खेळ. त्यातही ट्रेलच वर असते. कॅसिनोत खेळल्या जाणाऱ्या 'थ्री कार्ड पोकर'मध्ये मात्र प्युअर सीक्वेन्स ट्रेलच्या वर आहे. तेथे पैसे लागतात, म्हणून कोणीतरी आधी नीट मोजले असावे.

आणखी एक गंमत. राजा-एक्का-दुर्री ही वळसा घालणारी ओळही मान्य केली, तर ओळी १३ होतात आणि प्युअर सीक्वेन्स १३ × ४ = ५२. ट्रेलशी बरोबरी! एका ओळीच्या मान्यतेवर एवढे अवलंबून आहे.

तर मग आत्याने ढीग चुकीने घेतला का? मुळीच नाही. खेळाचा नियम आधी ठरलेला असतो आणि तो सर्वांनी मान्य केलेला असतो. माझे म्हणणे इतकेच होते की नियम ठरवताना दुर्मिळतेचा निकष लावला असता तर तो उलटा ठरला असता. मला वाटते, तीन सारखी पाने डोळ्यांना अधिक अपूर्व दिसतात, म्हणून ट्रेलला वरचा मान मिळाला असावा.

आता काकांचा प्रश्न. इतकी वर्षे, इतकी माणसे खेळत आली. त्यांच्या ध्यानात हे का येऊ नये?

याचे उत्तर मला पत्त्यांत सापडले नाही. ते सापडले एम.एस्सी.ला असताना, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. गायगर गणित्र नावाचे उपकरण किरणोत्सर्गी पदार्थातून येणारे कण मोजते. मिनिटाला सरासरी ४०० कण येत असतील तर प्रत्येक मिनिटाला नेमके ४०० येत नाहीत. कधी ३८७, कधी ४१२, कधी ४२१. हा चढउतार यंत्राचा दोष नसतो. यदृच्छेने घडणाऱ्या घटना मोजल्या की तो येणारच. तो साधारणपणे सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. ४०० चे वर्गमूळ २०, म्हणून सुमारे दोन-तृतीयांश वेळा मोजणी ३८० ते ४२० यांच्या दरम्यान पडते. अशा दोन मोजण्यांची तुलना करायची असेल तर त्यांच्या फरकातला चढउतार दोन्हींच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढा धरावा लागतो. खरा फरक या चढउताराच्या निदान दुप्पट असल्याशिवाय 'हे त्याहून जास्त' असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

हेच पत्त्यांना लावू. २२,१०० त्रिकुटांचा एक गठ्ठा म्हणू. एका गठ्ठ्यात सरासरीने ५२ ट्रेल आणि ४८ प्युअर सीक्वेन्स. खरा फरक ४, पण चढउतार √१०० म्हणजे १०. चाराचा फरक दहाच्या चढउतारात कुठल्या कुठे बुडून जाईल; अनेकदा प्युअर सीक्वेन्सच जास्त निघतील. चार गठ्ठे घेतले तर फरक १६ आणि चढउतार √४०० = २०. अजूनही बुडालेलाच. नऊ गठ्ठ्यांना फरक ३६, चढउतार ३०. आता डोके जरा वर आले. फरक गठ्ठ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून केव्हातरी फरक पुढे निघणारच. पंचवीस गठ्ठ्यांत १,३०० ट्रेल, १,२०० प्युअर सीक्वेन्स, फरक १००, चढउतार √२,५०० = ५०. येथे फरक बरोबर दुप्पट झाला.

पंचवीस गठ्ठे म्हणजे ५,५२,५०० त्रिकुटे. आमच्या माजघरात पाच जण खेळत. रात्रीत शंभर डाव झाले असे धरले तर ५०० त्रिकुटे. (एकाच डावातल्या पाच त्रिकुटांचा एकमेकांशी थोडा संबंध असतो, तो येथे सोडून देऊ.) ५,५२,५०० भागिले ५०० बरोबर १,१०५ रात्री. वर्षाला गणपतीच्या दहा रात्री धरल्या तर ११० वर्षांहून अधिक!

आणि काकांची तीस वर्षे? त्यांत दीड लाख त्रिकुटे, म्हणजे जेमतेम पावणेसात गठ्ठे. सुमारे ३५३ ट्रेल आणि ३२६ प्युअर सीक्वेन्स. फरक २७, चढउतार २६. तोही प्रत्येक डावातले प्रत्येक त्रिकूट उघडून वहीत टिपले असते तर. प्रत्यक्षात निम्मी पाने न दाखवताच टाकली जातात आणि टिपून तर कोणी ठेवत नाही. काकांना दिसले नाही यात काकांचा काहीच दोष नव्हता. दिसणे शक्यच नव्हते.

उतरंडीच्या खालच्या पायऱ्या मात्र खेळणाऱ्यांना सहज उमगतात. हजार त्रिकुटांत सरासरी ३३ सीक्वेन्स आणि ५० कलर येतात. फरक १७, चढउतार सुमारे ९. जवळजवळ दुप्पट! म्हणजे आमच्या घरच्या दोन रात्रींत सीक्वेन्स दुर्मीळ की कलर, याचा बऱ्यापैकी अंदाज आला असता. पेअर आणि कलर यांतला फरक तर एका रात्रीतच कळेल. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. चाळीस मुले, प्रत्येकी पंचवीस त्रिकुटे, दर वेळी पाने नीट पिसून. हजार नोंदी एका तासात होतात. ट्रेल दोन येतील, चार येतील किंवा एकही येणार नाही. त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

अनुभवाने बारीक फरक कधीच पकडता येत नाहीत असेही नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फासे खेळणाऱ्यांना एक कोडे पडले होते. तीन फासे टाकले असता ९ ही बेरीज सहा तऱ्हांनी होते (१-२-६, १-३-५ वगैरे) आणि १० ही बेरीजही सहाच तऱ्हांनी. तरीही खेळताना १० थोडे अधिक वेळा पडते, असे त्यांचे निरीक्षण होते. प्रश्न गॅलिलिओपुढे आला. त्याने दाखवले की १-२-६ ही एक तऱ्हा तीन फाशांवर सहा क्रमांनी पडू शकते, पण ३-३-३ फक्त एकाच प्रकारे. सगळे क्रम मोजले तर एकूण २१६ पैकी ९ साठी २५ येतात आणि १० साठी २७. खेळाडूंची नजर खरी ठरली. आपल्या रीतीने हिशेब केला तर हा फरक ठळक दिसायला २१६ चे ५२ गठ्ठे, म्हणजे ११,२३२ वेळा फासे टाकावे लागतात. रोज शंभर वेळा फासे टाकणाऱ्याला हे चार महिन्यांत साधेल. आमच्या काकांपुढचे काम पन्नास पट अवघड होते!

काही वर्षांनी हा सगळा हिशेब मी काकांना दाखवला. त्यांनी तो या वेळी शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "म्हणजे अजून ऐंशी वर्षं खेळायला हवं." आत्याने चिंचोके परत दिले नाहीत.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने वेगळीच शंका काढली. त्याने पोकर या पाच पानांच्या खेळाचे नियम वाचले होते. त्यात कलर सीक्वेन्सच्या वर असतो. मग आपली तीन पत्तीची उतरंड चुकीची की पोकरची? दोन्ही बरोबर आहेत, आणि त्याचे कारण मोठे सुंदर आहे. प्युअर सीक्वेन्स न वगळता हिशेब करू. तीन पानांच्या सीक्वेन्स १२ × ६४ = ७६८; पाच पानांच्या ओळी १० होतात आणि प्रत्येक पानाला चार रंगांची मोकळीक, म्हणून १० × १,०२४ = १०,२४०. कलर तीन पानांचे १,१४४; पाच पानांचे ४ × १,२८७ = ५,१४८. म्हणजे दोन पाने वाढवल्यावर सीक्वेन्सचे प्रकार तेरापटींहून अधिक वाढले आणि कलरचे साडेचार पट. सीक्वेन्समध्ये नव्या पानाची किंमत ठरलेली असली तरी रंग चारपैकी कोणताही चालतो. त्यामुळे दर पानागणिक प्रकार जवळजवळ चौपट होतात. कलरमध्ये मात्र त्याच तेरा पानांतून आणखी एक निवडायचे असते, आणि ती तेरा पाने लवकर आटतात. तीन पानांना सीक्वेन्स दुर्मीळ असते. पाच पानांना कलर दुर्मीळ होतो.

तेव्हा कोणते त्रिकूट दुर्मीळ हे त्रिकुटाच्या अंगी नसते. ते पत्त्यांच्या रचनेवर ठरते. याचे एक उदाहरण आपल्या सावंतवाडीचे घेऊ. तेथे हाताने रंगवलेल्या गोल गंजिफ्यांची परंपरा आहे. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने : एक ते दहा, प्रधान आणि राजा. एकूण १२० पाने. गंजिफ्याने तीन पत्ती खेळत नाहीत, पण मोजायला काय हरकत आहे? त्रिकुटे १२० × ११९ × ११८ ÷ ६ = २,८०,८४०. ट्रेल : बारा किमती, प्रत्येकीच्या दहा पानांतून तीन १२० प्रकारे, म्हणून १,४४०. राजानंतर पुन्हा एक्का येत नाही असे धरले तर ओळी १० आणि रंग १०, म्हणून प्युअर सीक्वेन्स फक्त १००! साध्या सीक्वेन्स १० × १,००० वजा १०० = ९,९००. कलर १० × २२० वजा १०० = २,१००.

येथे प्युअर सीक्वेन्स ट्रेलपेक्षा चौदा पटींहून अधिक दुर्मीळ झाली आणि कलर सीक्वेन्सच्या वर जाऊन बसला. आमच्या माजघरात इंग्रजी पत्त्यांऐवजी गंजिफा असता तर काकांना तीस वर्षे थांबावेच लागले नसते. हजार त्रिकुटांतही ट्रेल सरासरी पाच आणि प्युअर सीक्वेन्स एकही नाही, असेच बहुधा दिसले असते. गंजिफ्यातील पेअर आणि उरलेली त्रिकुटे तुम्ही मोजा. बेरीज २,८०,८४० आली पाहिजे.

आता दोन प्रश्न वाचकांसाठी. तीन पानांना सीक्वेन्स दुर्मीळ, पाच पानांना कलर. मग बावन्न पत्त्यांतून चार-चार पाने वाटली तर दोघांपैकी दुर्मीळ कोण? (एकूण चौकडी २,७०,७२५ होतात. ओळी मोजताना एक्का दोन्ही टोकांना धरा आणि प्युअर सीक्वेन्स वगळायला विसरू नका.) आणि तुमचे उत्तर खेळून पडताळायचे ठरवले तर किती चौकडी वाटाव्या लागतील? पहिल्याची उत्तरे सीक्वेन्स २,७७२ आणि कलर २,८१६ अशी आली, आणि दुसऱ्याचे उत्तर ३१ लाखांच्या थोडे पुढे गेले, तर हिशेब बरोबर समजावा.